पंडिता रमाबाईंचे दोन दुष्काळ

पंडिता रमाबाईंनीं १९०७ सालीं आपल्या धर्मजीवनाची साक्ष म्हणून एक लहानसें इंग्रजी पुस्तक लिहिलें. त्यांच्या धर्मांतराचा वाद आपल्याकडे इतका गाजला कीं, या पुस्तकाच्या आरंभींच्या पानांकडे द्यावें तितकें लक्ष कोणी दिलें नाहीं. एका विद्वान् ब्राह्मण कुटुंबाचा उपासमारीनें झालेला अंत तेथें वर्णिला आहे. सर्व कांहीं हातचें सुटत चाललें असतां ईश्वरावर भरंवसा ठेवणें म्हणजे नेमकें काय करणें, हा प्रश्न त्या पानांत तत्त्वज्ञानाच्या वर्गापुरता राहत नाहीं.

अनंतशास्त्री डोंगरे हे केवळ पोटार्थी पुराणिक नव्हते. आपले गुरु रामचंद्रशास्त्री पेशव्यांच्या वाड्यांत राणीला संस्कृत शिकवितात, हें त्यांनीं विद्यार्थिदशेंत पाहिलें होतें, व तेव्हांपासून स्त्रियांना ती भाषा शिकविण्याचा ध्यास घेतला होता. पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविल्याबद्दल उडुपीच्या पंडितसभेपुढें त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनीं शास्त्राधार काढून दाखविले. पुढें गंगामूळच्या अरण्यांत त्यांनीं घर केलें. १८५८ सालीं रमाबाई तेथेंच जन्मल्या. येणाऱ्याजाणाऱ्या अतिथींच्या सरबराईंत जमीनजुमला गेला आणि कुटुंब तीर्थयात्रेस निघालें; सहा महिन्यांची रमा तेव्हां वेताच्या पेटाऱ्यांतून प्रवास करीत होती. पुराण सांगावें, मिळेल त्यांतून दानधर्म करावा, बाकीचें देवावर सोपवावें, असा हा जीवनक्रम वर्षानुवर्षें चालला. पोटाचा धंदा मुलांस शिकवावा, हें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

मद्रास इलाख्यांतला मोठा दुष्काळ १८७६ सालीं सुरू झाला. पण या कुटुंबाची उपासमार त्याच्या दोन वर्षें आधींचीच. दागिने, वस्त्रें, भांडीं क्रमानें विकलीं गेलीं. तशांतहि व्रतें, अनुष्ठानें, प्रदक्षिणा चालूच होत्या व हातीं आलेला पैसा ब्राह्मणांच्या पदरीं पडत होता. शेवटीं अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्यावर, वृद्ध व दृष्टि अधू झालेले अनंतशास्त्री जलसमाधि घेण्यास सिद्ध झाले. तेव्हां थोरला मुलगा श्रीनिवास पुढें झाला. जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन, असें त्यानें सांगितलें. सारें पुस्तक एका बाजूस ठेवून या एका वाक्यावर विचार करीत बसावें, असें तें आहे. पण उशीर झाला होता. अनंतशास्त्री गेले, आणि थोड्याच आठवड्यांनीं लक्ष्मीबाईहि गेल्या. मरणोन्मुख आईसाठीं शेजारणीकडे भाकरीचा तुकडा मागावयाचा, तर भिक्षेचा शब्द रमाबाईंच्या तोंडून फुटेना. अंत्यविधीसाठीं प्रेत वाहून नेण्यास माणसें मिळेनात. मुलीलाच तिरडीला हात लावावा लागला. पुढल्या वर्षीं बहीण कृष्णाबाईहि गेली.

पोथींत सांगितलेलें सर्व कांटेकोरपणें केलें, देवांनीं दाद दिली नाहीं, तेव्हां ती श्रद्धाच आंधळी, हा रमाबाईंचा निष्कर्ष. मला तो निम्माच पटतो. इतके ब्राह्मण जेवूं घातले म्हणजे इतकें फळ, हा देवाशीं सौदा होता खरा. परंतु असल्या सौद्यावर आमच्या तुकोबांनीं दोन शतकांपूर्वींच कोरडे ओढले होते. तेवढ्यासाठीं विलायतेस जाण्याचें कारण नव्हतें. शिवाय अनंतशास्त्र्यांपाशीं दुसऱ्या जातीचा एक भरंवसा होता, तो त्यांच्या मुलीच्या हिशेबांत धरला गेलेला नाहीं. पहाटेच्या अंधारांत लक्ष्मीबाई रमेला श्लोक सांगत, ती त्यांचीच योजना. तिचें लग्न लहानपणीं उरकण्याचेंहि त्यांनीं टाळलें. यांतून काय निघेल, हें त्यांना दिसणें शक्य नव्हतें, आणि मोबदल्याची अटहि कोठें नव्हती. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं वीस वर्षांच्या रमाबाईंस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हटलें, तेव्हां तें ऐकावयास ते उरले नव्हते.

मधल्या घटना सर्वश्रुत आहेत. १८८० त भाऊ गेला, १८८२ त पति. १८८३ त इंग्लंडमध्यें ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, १८८९ त मुंबईस शारदासदन. बोस्टनच्या मंडळींनीं सदनाला दहा वर्षें मदत देण्याचें कबूल केलें होतें. ती मुदत १८९८ त भरत होती. सावध माणूस अशा वेळीं खर्चाला हात आंखडता घेतो. पण १८९६–९७ त दुष्काळ पडला, आणि स्वतःच्या भुकेची आठवण असलेल्या रमाबाई मध्यप्रांतांत जाऊन शेंकडों निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगमुळें त्यांना ठेवून घेतां येईना, म्हणून त्यांची रवानगी केडगांवला झाली. तेथें थोडी आधीं घेतलेली सुमारें शंभर एकर जमीन होती, तीहि फळबाग लावून संस्थेला स्वतःच्या पायांवर उभें करावें या हेतूनें. ठरलेल्या देणगीचा आधार संपत आला असतां पाण्यासाठीं प्रार्थना चालली होती, आणि विहिरीहि खणल्या जात होत्या. दोहोंपैकीं एकीवर भागेल, असें रमाबाईंना वाटलेलें दिसत नाहीं.

केडगांवच्या मुक्तिसदनांत मुलींना विणकाम, शेतकी, छापखाना असे धंदे शिकविले जात. रमाबाई याला ईश्वरी प्रेरणा म्हणत, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं मला शंका नाहीं. तरी जलसमाधीच्या बेतांतून बापाला मागें ओढणाऱ्या श्रीनिवासाचा आवाज मला त्या यंत्रांच्या खडखडाटांत ऐकूं येतो. बापाच्या घरांत जें नव्हतें, तें मुलीनें पहिल्याप्रथम उभें केलें.

अखेरचीं वर्षें त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचें सोपें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं. १९२१ त एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईहि गेल्या. तो ग्रंथ केडगांवच्या छापखान्यांतच छापला गेला. त्याचे खिळे जुळविणारे हात तेथल्या बायकांचे होते.