कलम २४ आणि आमचा गरम पाण्याचा नळ

रावेतला राहायला आल्यापासून मला एका गोष्टीची गंमत वाटते. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीने वाहत इथवर येतं आणि इथल्या बंधाऱ्यापाशी पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं. म्हणजे शहराचा नळ आमच्या दाराशी. आणि जानेवारीतल्या एका सकाळी मी मात्र बाथरूममध्ये गार पाण्याच्या बादलीकडे बघत उभा!

झालं असं. आमच्या इमारतीचे मालक तळमजल्यावर राहतात. गच्चीवर सोलर आणि वरच्या चार घरांना मिळून गरम पाण्याची एकच लाइन. माझा करार संपत आला होता आणि भाडं किती वाढवायचं यावर काकांचं आणि माझं काही जमेना. दोनच दिवसांत त्या लाइनवर व्हॉल्व्ह बसला. गरम पाणी सकाळी सहा ते साडेसहा. नेमकी तेव्हाच गावाहून आई आलेली, थंडीत तिचे गुडघे धरतात.

"काका, आई आहे तोवर तरी वेळ वाढवा ना."

"अरे, ती सोय आम्ही आपल्या खुशीने देतो. करारात लिहिलंय का कुठे सोलर?"

घरी येऊन करार काढला. खरंच नव्हतं लिहिलेलं. मग चिडून अख्खा वीकांत भाडेकायद्याचा इतिहास वाचण्यात घालवला. त्याचंच हे फलित.

सुरुवात पार स्कॉटलंडपासून करावी लागते. पहिल्या महायुद्धात ग्लासगोत कारखान्यांसाठी कामगारांची गर्दी झाली आणि घरमालकांनी भाडी वाढवली. १९१५ साली मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या गृहिणींच्या पुढाकाराने हजारो कुटुंबांनी वाढीव भाडं द्यायला नकार दिला. त्याच वर्षाअखेर ब्रिटिश संसदेला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबईतही युद्धकालीन भाडेनियंत्रण कायदा आला. गर्दी तीच, गिरण्यांची. पुढे दुसरं महायुद्ध आलं, आणि शेवटी १९४७ चा प्रसिद्ध 'बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट'.

या कायद्याने दोन गोष्टी केल्या. बहुतेक जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही अशी तजवीज केली. आता मालकाच्या जागी उभं राहून बघा. भाडं वाढवता येत नाही, घर रिकामं करून घेता येत नाही. मग हातात उरतं काय? नळ, जिन्यातला दिवा आणि संडासची सफाई. भाडेकरू कंटाळून आपोआप जाईल!

कायदा करणाऱ्यांना ही पळवाट ठाऊक होती. म्हणूनच त्यात कलम २४ होतं. भाडेकरू उपभोगत असलेला अत्यावश्यक पुरवठा किंवा सेवा मालकाने योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय तोडायची किंवा रोखायची नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर एक बग फिक्स केला की दुसरीकडे काय फुटेल, याचा विचार आधीच केला होता.

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात हेच कलम २९ व्या क्रमांकावर आलं. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई यांचा त्यात समावेश आहे. 'समावेश आहे' असं म्हटलंय, म्हणजे यादी तिथेच संपत नाही. मालकाने बिल थकवलं आणि पालिकेने नळ तोडला, तरी तो मालकानेच तोडला असं धरतात. कोर्ट पुरवठा पूर्ववत करायचा आदेश देऊ शकतं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. थंड देशांत हाच प्रश्न हीटिंगचा असतो. न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं, की मालकाला दिवसा घर किमान ६८ अंशांवर ठेवावं लागतं.

इथवर वाचून मी खूश. काकांना कलम २९ दाखवायचं ठरलंच होतं. मग लक्षात आलं, कलमात शब्द आहे 'भाडेकरू'. आणि मी भाडेकरू नाहीच!

माझा करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा. याचाही इतिहास आहे. १९४७ च्या कायद्याला वैतागलेल्या मालकांनी घर भाड्याने न देता नुसती राहायची परवानगी द्यायला सुरुवात केली. सरकारने १ फेब्रुवारी १९७३ रोजी असं लायसन्स चालू असलेल्यांना भाडेकरू ठरवून टाकलं. १९९९ च्या कायद्याने मात्र ही पद्धत मान्य केली. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. मुदतीनंतर घर सोडलं नाही, तर दुप्पट रक्कम. आणि हे शेवटचं कुठे लिहिलंय? नव्या कायद्याच्या कलम २४ मध्ये! जुन्या कायद्यात याच क्रमांकाने राहणाऱ्याचं पाणी राखलं होतं, नव्यात तो मालकाचं घर राखतो.

मालकांवर अन्यायच झाला नाही असं नाही. गोठवलेली भाडी आता अवाजवी झाली आहेत, हे सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये म्हटलंच होतं. पण सगळा आयटी पट्टा लायसन्सवर राहतो. आजी-आजोबांच्या चाळीतल्या भाडेकरूला जे कवच होतं, ते पगार चौपट असूनही आपल्याकडे नाही. आपल्याकडे आहे फक्त तो करार, जो आपण एजंटच्या लॅपटॉपवर न वाचता अंगठा टेकवून मोकळे होतो.

रविवारी संध्याकाळी कायदा बाजूला ठेवून खाली गेलो. काकूंनी चहा दिला. काका म्हणाले, टाकी लहान आहे, वरचे लोक सातच्या आत संपवतात. कारण अगदीच खोटं नव्हतं. पण मग व्हॉल्व्ह भाडं ठरवायच्या आठवड्यातच का बसला, हे मी विचारलं. ते नुसतं हसले. शेवटी वाढ मधल्या आकड्यावर ठरली आणि नव्या करारात एक ओळ आली: सोलरच्या सामाईक गरम पाण्याची लाइन रोज सकाळी पाच ते नऊ चालू राहील.

सोमवारी आईने गरम पाण्याने अंघोळ केली. मी बाकीच्या तीन घरांत जाऊन ती ओळ दाखवून आलो.

असो. तुमचा करार काढा आणि त्यात पाणी हा शब्द कितीदा येतो ते मोजा. माझ्या जुन्या करारात शून्य वेळा होता.