पाण्याखालचे अंगण

मुळशीच्या तलावाकाठी गेलो की आजी आठवते. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला, सेनापती बापटांनी तो पुढे गाजवला, तेव्हा ती सात वर्षांची. जमिनीचा, मोबदल्याचा हिशेब पुष्कळ झाला. अंगण गमावलेल्या पोरांच्या मनाचा कोणी केला नाही. धरण टाटांचे, वीज मुंबईला. योगायोग पाहा, त्याच मुंबईत १९३७ साली टाटांच्याच समाजकार्य विद्यालयाने मुलांच्या मनासाठी मार्गदर्शन केंद्र काढले. देशातले ते पहिले मानतात. मावळातल्या पोरांना त्याचा काय उपयोग?

एका दिवाळीत पणत्या लावताना मी विचारले, "आजी, गाव बुडाले तेव्हा रडलीस का गं?"

"हे विचारणारा तूच पहिला रे बाबा," ती म्हणाली. आणि रात्रभर बोलत राहिली.