अर्धा विरोधक : टॅमॉक्सिफेनचा इतिहास

स्तनाच्या कर्करोगावरील उपचारानंतर असंख्य स्त्रिया पाच-दहा वर्षे रोज टॅमॉक्सिफेन घेतात. हे औषध मुळात कर्करोगासाठी जन्मलेच नव्हते. इंग्लंडमधील चेशायर परगण्यात, ऑल्डर्ली पार्क येथे, आय.सी.आय. कंपनीचे आर्थर वॉलपोल आणि त्यांचे सहकारी संततिप्रतिबंधक गोळी शोधत होते. त्यासाठी डोरा रिचर्डसन यांनी १९६२ मध्ये ‘आय.सी.आय. ४६,४७४’ हे संयुग तयार केले. ‘रॅट’ जातीच्या उंदरांत त्याने गर्भधारणा रोखली. स्त्रियांत मात्र त्याने बीजमोचनाला उलट चालनाच दिली! ‘माउस’ या लहान उंदरांत तर ते चक्क इस्ट्रोजेनसारखे वागले. प्राणी बदलला की संयुगाचा स्वभावही बदलतो, हे तेव्हाच दिसले होते.

गर्भनिरोधक म्हणून फसलेल्या या संयुगाला दुसरे आयुष्य मिळाले, त्यामागे एक जुने निरीक्षण होते. बीजकोश काढल्यावर स्तनातील गाठ आक्रसू शकते, हे ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्येच मांडले होते. मग इस्ट्रोजेनची वाट औषधाने अडवली तर? मँचेस्टरच्या ख्रिस्ती रुग्णालयात मेरी कोल आणि सहकाऱ्यांनी प्रगत अवस्थेतील ४६ स्त्रियांना हे औषध दिले. १० जणींना चांगला गुण आला. हा अहवाल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९७७ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. आता त्याची ओळख ‘इस्ट्रोजेन-विरोधक’ अशी झाली.

या नावाने अर्धेच सांगितले. स्तनाच्या पेशीत टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनच्या ग्राहीवर जाऊन बसते आणि तिचे काम थांबवते. गर्भाशयाच्या अस्तरात तीच ग्राही, तेच औषध; पण तिथल्या सहकारी प्रथिनांचा मेळ वेगळा, म्हणून ते इस्ट्रोजेनचीच थोडीफार नक्कल करते. अस्तर वाढते, त्यात पॉलिप होतात, क्वचित कर्करोगही होतो.

१९८५ मध्ये अशा तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. १९८८ मध्ये मार्को गॉटार्डिस, क्रेग जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी एकाच उंदरात मानवी स्तनाची आणि गर्भाशय-अस्तराची गाठ रुजवली. टॅमॉक्सिफेनने पहिली रोखली, दुसरी वाढू दिली. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या १,८४६ स्त्रियांच्या पाहणीत, रोज ४० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. आजचा नेहमीचा डोस २० मिलिग्रॅम आहे.

मग औषध टाकून का दिले नाही? उत्तर हिशेबात आहे. कर्करोगाचा धोका जास्त असलेल्या १३,३८८ स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत (१९९८) स्तनाचे पसरणारे कर्करोग ४९ टक्क्यांनी घटले. अस्तराचे सुमारे अडीचपट झाले, तेही मुख्यतः पन्नाशीपुढच्या स्त्रियांत. पाचऐवजी दहा वर्षे औषध घेण्याची ‘अ‍ॅटलास’ चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पाचव्या ते चौदाव्या वर्षांच्या काळात अस्तराच्या कर्करोगाचा धोका १.६ वरून ३.१ टक्के झाला, त्याने होणारे मृत्यू ०.२ वरून ०.४ टक्के, उलट स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १५ वरून १२.२ टक्क्यांवर आले. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टॅमॉक्सिफेनला कर्करोगकारक ठरवले, तेव्हा दुसऱ्या स्तनातील कर्करोग ते टाळते, हेही सोबत नोंदवले.

मात्र ही टक्केवारी ज्या बाईच्या शरीरात घडते, तिला दोन्ही बाजू ठाऊक हव्यात. काही त्रास नसताना वारंवार सोनोग्राफी करून फारसे साधत नाही. या औषधाने अस्तराखालच्या थरातही बदल होतात आणि निरोगी अस्तरही जाड भासते. त्यातून नाहक भीती आणि नाहक तपासण्या वाढतात. खरी खूण साधी आहे : पाळी गेल्यानंतर रक्ताचा डाग दिसणे. तो अंगावर काढू नये. डॉक्टरांना लगेच दाखवावे. अस्तराचा कर्करोग बहुधा याच खुणेमुळे लवकर सापडतो, आणि लवकर सापडला तर बहुतेकदा बरा होतो. ‘विरोधक’ या नावात ही सूचना कुठेच नाही. ती गोळीसोबत बाईच्या कानावर घालावी लागते.