डोळ्याला न दिसणारा वेग

आज लढाईचा इतिहास नाही, पाहण्याचा इतिहास सांगतो.

भरधाव घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? घोडदळांनी शतकानुशतकं घोडे दौडवले, पण उत्तर मिळालं 1878 मध्ये. मायब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून दाखवलं, की सुटतात. चित्रकार मात्र तोवर पाय भलतेच काढत होते.

सूक्ष्मदर्शकाचीही तीच गत होती. हॉलंडच्या लेव्हेनहूकने 1674 मध्ये तळ्याच्या पाण्यातलं हिरवं शेवाळ पाहिलं. आकार दिसला, पण वेगाचं काय? क्लॅमिडोमोनस हे एकपेशीय शैवाल जेमतेम शंभरांश मिलिमीटरचं. दोन कशाभिका, म्हणजे चाबकासारखे तंतू, सेकंदाला सुमारे 50 वेळा मारत ते पोहतं. साधा व्हिडिओ सेकंदाला 25 चित्रं घेतो, म्हणजे दोन हात मारून होतात तेव्हा एक चित्र! 1985 मध्ये रुफर आणि नुल्च या जर्मन संशोधकांनी वेगवान चित्रीकरणाने तो प्रत्येक हात उलगडला.

पुढचा अध्याय बेंगळुरूचा. मुंबईच्या जमशेदजी टाटांच्या स्वप्नातून 1909 मध्ये उभ्या राहिलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रेरणा शर्मा आणि देबस्मिता मंडल यांनी हेच शैवाल निवडलं. रोनोजॉय अधिकारी यांच्यासोबतच्या 2020 च्या अभ्यासात कशाभिका पेशीपासून सुटी करून तिला एटीपीचं इंधन दिलं. तिच्या हालचालीवर लगाम ठेवतं ते बाहेरचं पाणी, असा समज होता. मोजमापात पाण्याचं घर्षण नगण्य निघालं. खरा लगाम तंतूच्या आतच होता.

2021 मध्ये त्यांनी, श्रीराम रामस्वामी आणि अमेय प्रभुणे यांच्यासह, हे शैवाल दोन काचांच्या अगदी अरुंद फटीत कोंडलं. भिंतींना घासून त्याचा वेग मंदावला, हे अपेक्षितच. पण भोवतीच्या पाण्याचे भोवरे चक्क उलटे फिरू लागले! आणि अशा उलट्या भोवऱ्यांमुळे पाणी अधिक चांगलं ढवळलं जातं, असं त्यांनी मांडलं. कोंडलेल्या जिवापर्यंत अन्न पोचायला असं ढवळणं उपयोगी.

फौजेत एक नियम पक्का असतो: नकाशा आणि जमीन जुळली नाही, तर जमीन खरी. इथंही प्रचलित गणित बाजूला ठेवून नवं मांडावं लागलं.

याचा आपल्याशी काय संबंध? आपल्या श्वासनलिकेत अशाच घडणीचे तंतू अहोरात्र कफ आणि धूळ वर ढकलतात. जन्मतः ते नीट हलत नसले, तर मुलाची छाती वारंवार भरते. त्या आजाराच्या निदानातही डॉक्टर वेगवान चित्रीकरण वापरतात. डबक्यातल्या हिरव्या ठिपक्याकडे पाहताना एवढं ध्यानात असू द्या.