तीन चीवरं आणि बारा कार्षापणं

कपडे किती ठेवावेत, या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशात एकदा थंडीत रात्रभर उघड्यावर बसून काढलेलं आहे. विनयपिटकातल्या महावग्गात ही हकिकत येते. तथागत बुद्ध राजगृहाहून वैशालीकडे निघाले होते. वाटेत त्यांना भिक्खू दिसले. कुणाच्या डोक्यावर चीवरांचं, म्हणजे भिक्खूच्या वस्त्रांचं, गाठोडं, कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या कमरेला. लोक श्रद्धेनं देत होते आणि हे घेत सुटले होते. वैशालीला गोतमक चैत्यात मुक्काम पडला. माघ-फाल्गुनाच्या सांध्यातले ते आठ दिवस, हिम पडण्याचे. तथागत रात्री बाहेर बसले, अंगावर एकच चीवर घेऊन. पहिला याम सरता सरता थंडी वाजू लागली, तेव्हा दुसरं घेतलं. मधला याम संपताना तिसरं. पहाटे, अरुणोदयाच्या वेळी, चौथं. मग थंडी वाजली नाही. जे भिक्खू चांगल्या घरातून आलेत, ज्यांना थंडी सोसत नाही, त्यांचंही तीन चीवरांत भागेल असा निर्णय त्यांनी दिला.

चार लागली आणि नियम तीनचा का? मी शिवणकाम करणारी बाई आहे. नाशिकरोडला माझं ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं दुकान होतं; आता डोळ्यांमुळे मोजकंच शिवते. पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात ही गोष्ट ऐकली, तेव्हा मी मनात पदर मोजले. अंतरवासक, म्हणजे कमरेला नेसायचं, ते एकपदरी. उत्तरासंग, अंगावर घ्यायचं, तेही एकपदरी. संघाटी, म्हणजे वरून पांघरायचं, ती मात्र दुपदरी. एक, एक आणि दोन. त्या रात्री जे चार थर लागले, ते चारही या तिघांत आहेत. ज्यानं हे ठरवलं त्याला कापड कळत होतं, असं मला तेव्हापासून वाटत आलंय. पुढचा नियम तर कुठलीही गोधडी शिवणारी बाई ओळखेल: कापड नवं असेल तर संघाटी दुपदरी, जुनं विरलेलं असेल तर चौपदरी, बाकीची दोन दुपदरी, आणि उकिरड्या-मसणवटीतून वेचलेल्या चिंध्यांचं असेल तर हवे तितके थर द्या.

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, कमरपट्टा, पाणी गाळायचं फडकं येतं, आणि सुई येते. ज्याच्याकडे एवढ्याच वस्तू, त्याच्याकडे सुई आहेच. फाटलं तर शिवायचं, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

चीवर शिवायला घेतलं की कापड अखंड असलं तरी ते आधी कापावं लागतं. पाच, सात, नऊ असे विषम संख्येत खंड पाडायचे, प्रत्येक खंडात एक लांब तुकडा आणि एक आखूड, मधे पट्टी, आणि चारी बाजूंनी काठ. मगधातली भातशेतं दाखवून तथागतांनी शिष्य आनंदाला असं चीवर करता येईल का विचारलं आणि आनंदानं ते बेतून दाखवलं, अशी त्याची कथा आहे. कापण्याचं कारणही तिथंच दिलंय. कापलेल्या कापडाची किंमत उतरते, ते श्रमणाला शोभतं आणि चोराला त्याचा मोह होत नाही. मी आयुष्यभर कापड कमीत कमी वाया जावं म्हणून बेतत आले. इथं कापडाचा मोह उतरावा म्हणून कात्री चालते. दोन्ही कामं एकाच हातानं करताना मला फार बरं वाटतं.

तीनच्या वर एखादं चीवर मिळालं तर? आनंदाला एक जास्तीचं मिळालं होतं. ते ज्येष्ठ भिक्खू सारिपुत्ताला द्यावं असं त्याच्या मनात होतं, पण सारिपुत्त साकेतला. किती दिवसांनी येईल? नऊ-दहा दिवसांनी. तेव्हा जास्तीचं चीवर दहा दिवस ठेवता येईल, असा नियम झाला. नियम माणसाकडे बघून केलेला आहे, म्हणून तो मला पटतो. भिक्खुणींसाठी तीनच्या जागी पाच ठरली. छातीवरचं एक वस्त्र आणि आंघोळीचं एक. आंघोळीचं वस्त्र उपासिका विशाखेनं मागून घेतलं, कारण उघड्या घाटावर भिक्खुणींची कुचंबणा होते हे तिला ठाऊक होतं. बायकांना कपडे जास्त का लागतात, याचा इतका सरळ जबाब दुसरीकडे मी वाचलेला नाही.

सगळ्यात जास्त मला कोसंबीची गोष्ट आवडते. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं दिली. राजा चिडला. एवढ्या चीवरांचं हा श्रमण करणार काय, कापडाचं दुकान मांडणार का? त्यानं आनंदालाच जाऊन विचारलं. ज्यांची चीवरं जुनी झालीत त्यांना वाटू, आनंद म्हणाला. मग त्या जुन्यांचं काय? त्यांच्या अंथरुणावरच्या चादरी करू. जुन्या चादरींचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवर अंथरायला. ती अंथरणी फाटली की? पायपुसणी. पायपुसण्यांचं? धूळ झटकायची फडकी. आणि त्या फडक्यांचं? कुटून, चिखलात कालवून त्यानं जमीन सारवू. राजानं आणखी पाचशे दिली.

माझ्या आजीनं हे सूत्र कधी ऐकलं नव्हतं, पण तिच्या घरात हेच चालायचं. ती सिन्नरकडची. अंगावर एक, वळणीवर एक, अशी तिची दोन लुगडी. लुगडं बसण्याच्या जागी आधी विरतं. तो भाग काढून टाकायचा आणि शाबूत तुकडे मधोमध जोडायचे. याला दंड घालणं म्हणतात. दंडाचं लुगडं आणखी एखादा पावसाळा काढतं. मग त्याचं दुपटं, मग गोधडीचा पदर, मग चुलीपाशी मसोता, शेवटी सारवायचं पोतेरं. आनंदानं राजाला सांगितलेली उतरंड, पायरीला पायरी.

आता आमच्या नाशिकचं सांगते. शहराच्या दक्षिणेला मुंबई रस्त्यावर त्रिरश्मी डोंगर आहे, त्यावर चोवीस लेणी, लोक पांडवलेणी म्हणतात. त्यातल्या दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे ब्राह्मीतले लेख आहेत, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. एका लेखात कपड्यांचा हिशेब आहे. उषवदातानं संघाला तीन हजार कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, अक्षयनीवी म्हणून दिली. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातली दोन हजार गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघटनेकडे, ठेवली, महिना दरशेकडा एक या व्याजानं. उरलेली एक हजार विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण टक्क्यानं. दोन हजारांच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणं चीवरासाठी द्यायची.

हा हिशेब मी कागदावर करून पाहिला. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना बारा बारा, दोनशे चाळीस. एक नाणं उरत नाही, एक कमी पडत नाही. हे दान निगमसभेत जाहीर केलं, फलकावर नोंदवलं, असंही लेखात आहे.

अशी नेमकी बेतलेली तरतूद बघितली की मन भरून येतं. एक राजपुरुष पैसे देतो, विणकर ते वापरून माग चालवतात, त्यांच्या कमाईतून व्याज निघतं आणि डोंगरावरच्या वीस माणसांच्या अंगावर दर वर्षी नवं कापड येतं. कमी कपड्यांत राहणाऱ्याच्या मागे एवढी मोठी व्यवस्था उभी होती. कान्हेरीच्या लेखांतही चीवरासाठी ठेवलेल्या पैशाचे उल्लेख आहेत. तीन चीवरांचा नियम शतकानुशतकं टिकला तो एकट्या वैराग्यावर टिकलेला नाही. चीवर फाटलं तर पुढचं कुठून येणार, हे कुणीतरी दगडात कोरून ठेवलं होतं.

आजीच्या दोन लुगड्यांमागे असं काहीच नव्हतं. म्हणून त्या दोन लुगड्यांना कुणी साधेपणा म्हटलं की मला राग येतो. गावात सालगड्याचं साल पाडव्याला ठरायचं. धान्य, थोडे पैसे, आणि वर्षाची धोतरजोडी, घोंगडी, पायताण. किती कपडे घालायचे ते मालक ठरवी. आमच्या लोकांच्या बाबतीत तर धर्मशास्त्रानंच ठरवून टाकलं होतं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रं वापरावीत असं लिहिलंय, आणि गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महारांचा हक्क समजला जाई. मसणवटीतलं कापड भिक्खूही वेचत. पण त्यांनी ते स्वतः पत्करलेलं असे, त्यामुळे त्यांना मान होता. आणि वैद्य जीवकानं विनंती केल्यावर भिक्खूंना गृहस्थानं दिलेलं नवं चीवर घेण्याचीही मोकळीक मिळाली. तेच कापड जन्मावरून गळ्यात घातलं की तो अपमान होतो. चिंधी तीच असते, निवड कुणाची हे बघायचं.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळल्यावर बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. तुमच्या नेसण्यावरून तुमची जात ओळखू येते, ती खूण पुसून टाका, वरच्या जातीच्या बायकांसारखं नेसा, अंगभर चांदी-कथलाचे दागिने नकोत, लुगडं फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. बायकांनी ते तिथल्या तिथं मनावर घेतलं. त्याच्या सहा वर्षं आधी, १९२१ च्या सप्टेंबरात, मदुराईला गांधीजींनी अंगावरचे कपडे कमी करून पंचा नेसायला घेतला होता. दोघांचे निर्णय उलट दिशेचे दिसतात. ज्यानं बॅरिस्टरचे सूट घालून पाहिले त्याला कपडे टाकता येतात. ज्याला कधी पुरेसे घालूच दिले नाहीत त्यानं आधी चांगला सूट शिवून घ्यावा, बाबासाहेबांनी घेतला तसा. मला शिवणकाम करणारी म्हणून बाबासाहेबांच्या कोटाचा बेत पाहताना अभिमान वाटतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी ते पांढऱ्या वस्त्रांत होते, आणि समोर लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत.

दुकान चालवलं त्या काळात मी कपाटं भरताना पाहिली. आधी दोन-तीन ब्लाउज सगळ्या साड्यांवर चालायचे. मग प्रत्येक साडीला मॅचिंग आलं. पण खरा फरक कापडानं पडला, असं माझं मत आहे. सुती लुगडं विरायचं, त्यामुळे आपोआप पुढच्या पायरीला जायचं. नायलॉन आणि पॉलिएस्टर विरत नाही. त्याची गोधडी अंगावरून घसरते, मसोता पाणी टिपत नाही, पोतेरं तर होतच नाही. बोहारीण यायची तोवर जुन्या कपड्यांवर तिच्या पाटीतलं एखादं पातेलं मिळायचं. आता ती गल्लीत क्वचितच दिसते. कपडा संपत नाही, जात नाही, म्हणून साठतो. माणसाची हाव वाढली असं म्हणणं सोपं आहे. आनंदाच्या उतरंडीच्या पायऱ्याच निखळल्या, हे जास्त खरं आहे.

किती कपडे ठेवायचे, असं मला गिऱ्हाइकं विचारतात. मी आकडा सांगत नाही. डिसेंबरात नाशिकची थंडी अंगावर घ्यायला किती पदर लागतात ते बघा, पावसाळ्यात वाळत नाहीत तेवढ्यासाठी एक जोड धरा, बाहेर जायचं-यायचं धरा, आणि त्याच्या वरचा प्रत्येक कपडा कुणाला जाणार आहे ते नाव मनात असू द्या. सारिपुत्ताचं नाव आनंदाच्या मनात होतं, म्हणून त्याला दहा दिवस मिळाले. ज्याच्यासाठी कुणाचंच नाव सुचत नाही, तो कपडा घेऊ नये.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि चीवरदानं सुरू होतात. त्या आधी भंतेंना विचारा, चीवर हवंय की औषधं हवीत. याच डोंगरावरच्या लेण्यांत आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी ठेवलेल्या पैशाचाही लेख आहे. आणि कपाट आवरून निघालेले कपडे कुणाला द्यायचे असतील तर धुऊन, उसवलेलं शिवून, तुटलेली बटणं लावून द्या, आणि ते हवे आहेत का हे त्यांना विचारून द्या. बटणं लावायला जमत नसेल तर माझ्याकडे आणा, मी पैसे घेणार नाही.