‘नाइस’ आणि ‘मस्त’

देवळीच्या आमच्या वर्गात कविता कशी वाटली, असे विचारले की उत्तर येते ‘नाइस’, नाहीतर ‘मस्त’. ‘नाइस’चे मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’, म्हणजे अज्ञ. इ.स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मूर्ख’ होता. पुढे चोखंदळ, नेमका, आणि अठराव्या शतकात सुखद. त्याच्या सैल वापराची थट्टा जेन ऑस्टिनने ‘नॉर्दॅन्गर अ‍ॅबी’त (१८१७) केलीच आहे.

‘मस्त’चेही तसेच. फारसीत मस्त म्हणजे नशेत चूर. संस्कृत ‘मत्त’ त्याचा सगोत्र. म्हणजे हत्तीला ‘मदमस्त’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो! जुना अर्थ मराठीत पुरता विझलेला नाही. ‘मस्तवाल’ कोणी स्तुतीने म्हणत नाही. उत्तरपत्रिकेतील ‘मस्त’वर लाल रेघ ओढण्यापूर्वी, कविता वाचून खरेच धुंदी आली होती काय, एवढे आम्ही विचारतो.