लोणार : दख्खनच्या पठारावरचे बेट

बेट म्हणजे चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये जमीन. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मात्र चहूबाजूंनी काळा पाषाण आणि मध्ये खारे पाणी असे उलटे बेट आहे. माझ्या अमडापूरच्या शिवारात विहीर खणताना लागणारा काळा दगडच लोणारच्या कड्यात दिसतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा बेसाल्ट. लोणारला त्यावर आकाशातून घाव बसला.

त्या घावाचा अर्थ लागायला फार काळ गेला. लोकपरंपरेने तेथे लवणासुराची कथा सांगितली. ‘ऐन-इ-अकबरी’ने काच व साबणासाठी उपयोगी पडणाऱ्या खाराची नोंद केली. पुढेही डल्ला, खुप्पल, पापडी अशी त्याची प्रतवारी होत राहिली. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी या विवराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पण सारा परिसरच ज्वालामुखीच्या दगडाचा, म्हणून हेही ज्वालामुखीचे मुख ठरले. १८९६ मध्ये गिल्बर्ट यांनी ॲरिझोनाच्या विवराशी त्याची तुलना केली, तरी त्यांना दोन्हीकडे उल्का दिसली नाही. अखेर १९७३ मध्ये प्रचंड आघातानेच घडणारी मास्केलिनाइट काच येथे सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला. वयाचा प्रश्न मात्र उरला : एक पद्धत सुमारे ५२ हजार वर्षे सांगते, दुसरी सुमारे ५.७ लाख.

बेसाल्टमधील आघात-विवरे पृथ्वीवर मोजकीच. म्हणून चंद्र आणि मंगळ समजून घेण्यासाठी अभ्यासक या १.८ किलोमीटर व्यासाच्या खळग्यात उतरतात. अल्कधर्मी पाण्यातली जीवसृष्टीही वेगळी. २०२० च्या उन्हाळ्यात पाणी आटले, क्षार वाढले आणि सरोवर गुलाबी झाले. तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवले.

१९७९ मध्ये राष्ट्रीय भूवारसा, २००० मध्ये अभयारण्य, २०२० मध्ये रामसर स्थळ असे मान लोणारला मिळाले. पण बेटाचे मोल त्याच्या वेगळेपणात असते. वरच्या वस्तीचे सांडपाणी, शेतातली खते आणि उतारांवर पसरलेली वेडी बाभूळ हे वेगळेपणच पुसत आहेत. गोडे पाणी वाढले की खारटपणा उतरतो आणि त्यावर जगणारे जीव हटतात. मुघल दरबाराला ज्या खाराचे उत्पन्न दिसले, तोच खार आज जपण्याची वस्तू आहे. कडा शाबूत राहून पाणी बदलले, तर आपण वारशाची नुसती वाटी राखली असे होईल.